दुरुस्ती निघाली, पण पोचली कधी?

आज सुरुवातीलाच एक छोटं काम करू. समोर विंडोजचा संगणक असेल तर विंडोजची कळ आणि 'आर' एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत 'विनव्हर' इंग्रजीत टाइप करा आणि एंटर दाबा. व्हर्जन आणि बिल्ड असे दोन आकडे दिसतील. कागदावर लिहून ठेवा, शेवटी लागतील.

विंडोज ९८ पासून अपडेटची सोय संगणकातच आली. पण ती वापरायची कोणी आठवणीने? २००३ साली याचं उत्तर मिळालं. १६ जुलैला मायक्रोसॉफ्टने एका त्रुटीची दुरुस्ती दिली. ११ ऑगस्टला त्याच त्रुटीतून 'ब्लास्टर' नावाचा वर्म घुसला. मध्ये २६ दिवस होते! संगणक आपोआप बंद पडून पुन्हा सुरू व्हायचे. गंमत बघा, हा वर्म पुढे हल्ला करणार होता तो अपडेटच्याच संकेतस्थळावर.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या देण्याची पद्धत पडली. आपल्याकडे तोवर मंगळवारची रात्र झालेली असते. आता इथे एक मेख आहे. दुरुस्ती बाहेर आली की जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून कुठे काय बदललं ते हल्लेखोरालाही शोधता येतं. म्हणजे भोक बुजवणारी फाइलच भोक कुठे होतं ते सांगते. म्हणून दुरुस्तीनंतरचे दिवस आधीच्या दिवसांपेक्षा जास्त धोक्याचे असतात, असं आम्हाला वाटतं.

२०१७ मध्ये हेच घडलं. दुरुस्ती आली १४ मार्चला. महिन्याभराने, १४ एप्रिलला, 'शॅडो ब्रोकर्स' या टोळीने त्या त्रुटीवरचं तयार हत्यार, 'इटर्नलब्लू', जगासमोर टाकलं. ते अमेरिकेच्या एनएसएकडून आलेलं होतं. आणि १२ मेला, शुक्रवारी, 'वॉनाक्राय'. ५९ दिवस! ब्रिटनच्या एनएचएसमध्ये अंदाजे १९ हजार अपॉइंटमेंट रद्द झाल्या, काही रुग्णालयांना अपघातग्रस्तांना दुसरीकडे पाठवावं लागलं.

त्या वेळी सगळे म्हणाले, "जुनं एक्सपी वापरत होते, दुसरं काय होणार?" हा समज अजून टिकून आहे. प्रत्यक्षात बाधित झालेले बहुतेक संगणक विंडोज ७ चे होते, म्हणजे ज्यांच्यासाठी मार्चमध्येच दुरुस्ती आली होती असे. व्हर्जन चालू होतं, अपडेट झालं नव्हतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आम्ही दोन आकडे लिहायला सांगितले ते यासाठीच. अर्थात रुग्णालयातल्या माणसाला आळशी म्हणणं सोपं आहे. तपासणीच्या यंत्राला जोडलेला संगणक दुपारी रिस्टार्ट करायचा कसा, हे त्यालाच विचारा.

पुढच्याच महिन्यात उलटं झालं. २७ जूनला 'नॉटपेट्या' पसरला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. एका संगणकातून पासवर्ड उचलून तो शेजारच्या अपडेट केलेल्या संगणकातही शिरायचा. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली, आणि इथे उरणजवळ जेएनपीटीतल्या तिच्या गटाच्या टर्मिनलचं काम कोलमडलं. हा प्रसंग सांगून "बघा, अपडेट करूच नये" म्हणणारे आम्हाला भेटतात. पण त्याच्या फैलावात मार्चमध्ये बुजवलेलं तेच भोकही वापरलं गेलं होतं, हे ते सांगत नाहीत.

आता तो कागद काढा. नावांवर जाऊ नका, नावं फसवी असतात. विंडोज ७ स्वतःला आतून ६.१ म्हणायचं आणि विंडोज ११ आजही आतून १०.० आहे. बिल्ड २२००० किंवा वर असेल तर तुमच्याकडे ११ आहे. १९०४५ असेल तर ती विंडोज १० ची शेवटची आवृत्ती. तिचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पुढच्या सुरक्षा दुरुस्त्यांसाठी वेगळी नोंदणी करावी लागते. बिल्डमध्ये टिंबानंतरचा आकडा दर महिन्याच्या अपडेटला वाढतो. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडा, अपडेट घ्या, रिस्टार्ट करा आणि विनव्हर पुन्हा चालवा. टिंबानंतरचा आकडा बदलला का, तेवढं कागदाशी ताडून बघा.