खिचडी कोण शिजवत होतं?

गेल्या वर्षी माझ्या बायकोची ड्युटी बदलली. ती एका दवाखान्यात परिचारिका आहे. आता सोमवार ते शुक्रवार तिला घरी यायला रात्रीचे साडेआठ होतात. मी सहालाच घरी असतो. मुलं शिक्षणासाठी बाहेरगावी, म्हणजे घरात आम्ही दोघंच. पहिले काही दिवस मी काय केलं, तर टीव्हीवर बातम्या बघत तिची वाट पाहिली. ती यायची, पर्स खुंटीला अडकवायची, हात-तोंड धुवायची आणि थेट ओट्यापाशी उभी राहायची.

एके रात्री मी मोठ्या समजूतदारपणाने म्हणालो, "जास्त काही करू नको. साधी खिचडी टाक. आसान है." आमच्या घरात बोलणं मराठी आणि दखनी असं मिसळूनच चालतं. ती कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "आसान है, पर किसके वास्ते आसान?"

मला उत्तर सुचलं नाही. मला इतिहास वाचायची सवय आहे, आणि उत्तर नसलं की मी पुस्तकांच्या कपाटाकडे वळतो. तेव्हा खिचडीचा शोध घ्यायला लागलो. आपल्या साध्या, झटपट, रोजच्या जेवणाचा इतिहास काय आहे, तो कुणी लिहिला, आणि त्यात शिजवणारं माणूस कुठे आहे, हे पाहायचं होतं.

खिचडीबद्दल लिहिणाऱ्यांत परदेशी प्रवासी बरेच आहेत. मोरोक्कोचा इब्न बतूता 1333 साली सिंधूकाठी पोहोचला आणि पुढे मुहम्मद बिन तुघलकाच्या दिल्लीत काझी झाला. आमच्या जवळच्या दौलताबादलाही तो येऊन गेला. इथले लोक मूग आणि तांदूळ एकत्र शिजवतात, त्यावर तूप घालतात, त्याला 'किश्री' म्हणतात आणि रोज सकाळी तेच खातात, असं त्याने नोंदवून ठेवलं आहे. आपल्या वाचकांना कळावं म्हणून त्याने तुलनाही दिली, की मगरिबच्या लोकांना जशी हरीरा तशी यांना ही किश्री. प्रवासी माणसाला परक्या मुलखात आपल्या घरची न्याहारी आठवावी, हे मला फार जवळचं वाटलं.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियाचा व्यापारी अफनासी निकितीन समुद्रमार्गे चौलला उतरला, जुन्नरला पावसाळा काढून बहामनींच्या बिदरला गेला. त्याच्याही टिपणांत खिचडी आहे, पण ती घोड्यांची! दख्खनमध्ये घोड्यांना साखर आणि तेल घालून शिजवलेली खिचडी देतात, असं तो लिहितो. लढाईचा घोडा फार महाग होता, त्याच्या खाण्याची नोंद झाली. त्या घोड्याचा मोतद्दार संध्याकाळी घरी जाऊन काय खात होता, हे त्याने लिहिलं नाही.

मग मोगल येतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त शाही मुदपाकखान्याचं तपशीलवार वर्णन केलं. अकबर काही दिवस मांस खात नसे. त्या दिवसांच्या बिनमांसाच्या पदार्थांत खिचडी आहे आणि तिचं प्रमाणही दिलं आहे. तांदूळ पाच शेर, डाळ पाच शेर, तूप पाच शेर, मीठ एकतृतीयांश शेर. हो, तूपही तांदळाइतकंच. हे मी बायकोला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "हे खाल्लं तर माझ्याच वॉर्डात भरती व्हावं लागेल."

जहांगीरला 1617-18 च्या सुमारास गुजरातेत बाजरीची खिचडी भेटली. ती त्याला इतकी आवडली, की मांस न खाण्याच्या दिवशी हीच आणत जा, असा त्याने हुकूम दिला. आपल्या आत्मचरित्रात त्याने हे स्वतःच लिहिलं आहे. बाजरीची खिचडी आपल्याकडे थंडीत घरोघर होते, पण तिचं नाव इतिहासात गेलं ते बादशहाच्या जिभेमुळे.

या सगळ्यांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो फ्रान्सिस्को पेल्सार्ट. हा डच व्यापारी जहांगीरच्याच काळात आग्र्यात राहत होता. 1626 मध्ये त्याने आपल्या कंपनीसाठी एक अहवाल लिहिला. त्यात आग्र्यातल्या कारागिरांची आणि मजुरांची हलाखी आहे. तो सांगतो, की दिवसभर ही माणसं थोडं भाजलेलं धान्य चघळतात. संध्याकाळी हिरवी डाळ आणि तांदूळ बारीक आचेवर पाणी आटेपर्यंत शिजवतात आणि ती खिचडी लोण्याबरोबर गरम गरम खातात. रोज तेच.

म्हणजे चारशे वर्षांपूर्वीचं, कामाच्या दिवशीचं, सोपं रात्रीचं जेवण हेच होतं. एक भांडं, दोन धान्यं, थोडी आच. जळण महाग, अंगात त्राण नाही, म्हणून एकाच भांड्यात सगळं. बादशहाची खिचडी हौसेची होती, आग्र्याच्या मजुराची खिचडी थकव्याची होती. आपण आज 'कंटाळा आला, खिचडी टाक' म्हणतो, ती या दुसऱ्या खिचडीची वारस आहे.

पण बायकोचा प्रश्न तिथेच राहिला. त्या संध्याकाळी बारीक आचेपाशी बसलं कोण होतं? पेल्सार्ट सांगत नाही. इब्न बतूताही सांगत नाही. अबुल फजल शाही स्वयंपाकघरातल्या 'मीर बकावल' या अधिकाऱ्याचा मान सांगतो. जेवण त्याच्या देखरेखीखाली शिक्कामोर्तब होऊन बादशहापुढे जात असे. हुद्दा, पगार, शिक्का, सगळं पुरुषांचं. आजही लग्नात देग लावणारा बावर्ची पुरुष असतो, त्याला आपण 'उस्ताद' म्हणतो. रोजची दोन माणसांची खिचडी लावणारीला कुणी उस्ताद म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

याला एक अपवाद सापडला, तोही अर्धाच. माळव्यात मांडूला सुलतान घियास शाह 1469 ते 1500 या काळात राज्य करत होता. त्याच्या आवडीच्या पाककृतींचं 'निमतनामा' नावाचं सचित्र हस्तलिखित आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातल्या चित्रांत चुलीपाशी, भांड्यांपाशी, वाटताना, ढवळताना बायका दिसतात. मधे मिशाळ सुलतान बसलेला, पाहत असलेला. बायकांचे हात दिसतात, चेहरे दिसतात. पुस्तकाला नाव मात्र सुलतानाच्या जेवणाचं.

पुढे यंत्रं आली. मुंबईत 1955 मध्ये घरगुती गॅस सिलिंडर मिळू लागला. 1959 पासून हॉकिन्स आणि प्रेस्टिजचे प्रेशर कुकर भारतात बनू लागले. फुंकणी गेली, धूर गेला, तासाभराची डाळ पंधरा मिनिटांवर आली. खिचडी खऱ्या अर्थाने सोपी झाली ती तेव्हा. काम कमी झालं हे खरंच आहे, माझ्या आजीचे धुराने लाल झालेले डोळे मला आठवतात. पण कुकरपाशी उभं राहणारं माणूस बदललं नाही. 2019 मध्ये सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. त्यात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्या कामाला दिवसाला सरासरी 299 मिनिटं देतात असं दिसलं. हे काम करणारे पुरुष देतात 97 मिनिटं. आणि मुळात असं काम करणारे पुरुषच शंभरात साधारण 26 निघाले. उरलेल्या 74 जणांत मी होतो.

आपल्यातले काही जण इथे दीन पुढे करतात, की बाईचं काम बाईने करावं. त्यांना एकच आठवण द्यायची आहे. हजरत आयेशा यांना विचारलं गेलं, की पैगंबर साहेब घरात असताना काय करत? त्या म्हणाल्या, घरच्यांच्या खिदमतीत असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. ही हदीस सहीह बुखारीत आहे. ती मी लहानपणापासून ऐकत आलो. 'नमाजची वेळ झाली' हा भाग लक्षात ठेवला, आधीचा सोडून दिला.

मग एका सोमवारी मी ओट्यापाशी उभा राहिलो. ठरवलं, खिचडी-खट्टा. मराठवाडा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, तिथल्या दस्तरखानाचा हा पदार्थ आमच्या घरांत अजून टिकून आहे. पहिल्या दिवशी पाणी इतकं झालं, की खिचडीची पेज झाली. बायको आली, चमच्याने ढवळून पाहिलं आणि म्हणाली, "पेशंटला चालेल." पण दोन वेळा वाढून घेतली.

आता हात बसला आहे. दोघांसाठी छोट्या वाटीने एक वाटी तांदूळ आणि पाऊण वाटी मसूर डाळ धुऊन अर्धा तास भिजत ठेवतो. कुकरमध्ये तूप, शहाजिरे, दोन लवंगा, उभा चिरलेला कांदा, आलं-लसूण, हिरवी मिरची, हळद. डाळ-तांदूळ परतून तीन वाट्या गरम पाणी, मीठ आणि दोन शिट्ट्या. खिचडी मोकळी हवी. खट्ट्याला तर शिजवणंच नाही. तीळ, शेंगदाणे, जिरं भाजून वाटायचं, चिंचेच्या कोळात कालवायचं, वर कच्चा कांदा, कोथिंबीर आणि जिरं-लाल मिरचीची फोडणी. पापड भाजला की झालं.

मंगळवारी खागिना, म्हणजे कांदा-टोमॅटो परतून त्यात फोडलेली अंडी, आणि पाव. बुधवारी पिठलं-भाकरी. भाकरी अजून मला थापता येत नाही, येताना विकत आणतो. गुरुवारी रविवारचा राखून ठेवलेला खिमा, त्यात मटार. शुक्रवारी पुन्हा खिचडी. यातलं काहीही चाळीस मिनिटांच्या पुढे जात नाही. पण ती चाळीस मिनिटं कुणाची तरी असतात, हे मला पन्नाशीत कळलं.

गेल्या महिन्यात अब्बा चार दिवस राहायला आले. मी कांदा चिरतोय हे पाहून काही बोलले नाहीत. मला वाटलं, नाराज आहेत. जेवायला बसलो. त्यांनी खट्टा चाखला, परत घेतला आणि विचारलं, "इसमें तिल कितना डाला?"

"दोन चमचे. का?"

"तेरी अम्मी का कुछ अलग था. और गाढ़ा रहता था." थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "पैंतालीस साल पका के खिलाई. मैं कभी पूछाच नहीं."

अम्मीला जाऊन सहा वर्षं झाली. अकबराच्या खिचडीत मीठ किती होतं, ते मला शेरात माहीत आहे. अम्मीच्या खट्ट्यात तीळ किती होते, ते आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं. ज्या इतिहासकारांना मी वर नावं ठेवली, त्यांच्यात आणि माझ्यात काय फरक?

त्या रात्री बायकोने एक जुनी वही काढून माझ्यापुढे ठेवली. आता आम्ही अब्बांना विचारून, खालाला फोन करून, पुन्हा पुन्हा करून पाहतो आहोत. तीळ तीन चमचे, शेंगदाणे कमी, चिंच जुनी. दर वेळी वहीत तारीख टाकून लिहितो. वरती अम्मीचं नाव लिहिलं आहे. अजून जमलेलं नाही. परवा अब्बांना डब्यात घालून पाठवला, तर फोनवर म्हणाले, "नजदीक आया."