मनाची चौकशी

दुःखाचे कारण बाहेर शोधावे की मनात, हा वाद फार जुना आहे. आम्हां कामगार चळवळीतील माणसांचे उत्तर ठरलेले असते : कारण पगारात आहे, कंत्राटी पद्धतीत आहे, महागाईत आहे. हे उत्तर खोटे नाही. म्हणूनच ‘विचार बदला, म्हणजे दुःख हलके होईल’ असे सांगणाऱ्या शास्त्राकडे कामगार संशयाने पाहतो. मालकाने मारावे आणि मानसशास्त्रज्ञाने तो मार गोड मानून घ्यायला शिकवावे, असा तर हा डाव नाही ना? ह्याचे उत्तर त्या शास्त्राच्या इतिहासातच आहे.

ह्या विचाराच्या आद्य पुरुषांपैकी एपिक्टेटस हा मुळात गुलाम होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात तो रोममध्ये गुलामीत होता. पुढे तो मुक्त झाला आणि सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना हद्दपार केले तेव्हा ग्रीसमधील निकोपोलिस येथे जाऊन शिकवू लागला. घटनेपेक्षा तिला आपण दिलेला अर्थ माणसाला अधिक व्याकुळ करतो, हे त्याच्या शिकवणीचे सार. आपल्याकडे सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी मनाचे श्लोक मनालाच उद्देशून रचले. तेव्हा मनाशी बोलावे लागते, हे महाराष्ट्राला नवे नाही. नवी आहे ती त्या बोलण्याला विसाव्या शतकात लाभलेली पद्धत आणि कसोटी.

ह्या पद्धतीचे एक अंग वर्तनाचे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स ह्या अमेरिकन विदुषीने सुमारे तीन वर्षांच्या एका मुलाची सशाची भीती घालवल्याचे प्रसिद्ध केले. मूल आवडीचा खाऊ खात असताना ससा लांब ठेवायचा आणि दिवसेंदिवस थोडा जवळ आणायचा. शेवटी मूल सशाला हात लावू लागले. भीती उपदेशाने जात नाही, पायरीपायरीने सामोरे गेल्याने जाते, हा त्याचा धडा.

दुसरे अंग विचाराचे. न्यूयॉर्कचे आल्बर्ट एलिस (१९१३–२००७) तरुणपणी मुलींशी बोलायला फार लाजत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःलाच काम नेमून दिले : बागेत बाकावर एकटी बसलेली मुलगी दिसली, की शेजारी बसून बोलायचे. महिन्याभरात ते शंभर जणींशी बोलले. एकीने भेटायचे कबूल केले, पण तीही आली नाही! तरी आभाळ कोसळले नाही, आणि भीती मात्र गेली. पुढे फ्रॉइडच्या पद्धतीने रोग्यांचे बालपण उकरण्याचा त्यांना कंटाळा आला आणि १९५५ साली त्यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार मांडला. घटना, तिच्याविषयीची समजूत आणि परिणाम अशी त्यांची त्रिपुटी आहे. आपल्या मराठीत ह्या रोगाचे मूळ एका अक्षरात सांगता येते : ‘च’. ‘मला यश मिळावे’ ही इच्छा झाली. ‘मिळालेच पाहिजे’ हा हट्ट झाला, आणि हट्ट मोडला की माणूस मोडतो.

फिलाडेल्फियाचे डॉ. आरन बेक (१९२१–२०२१) हेही फ्रॉइडपंथी. खिन्नतेविषयीचे फ्रॉइडचे म्हणणे सिद्ध करायला ते निघाले, पण पुरावा उलटा निघाला. खिन्न माणसाच्या मनात आपोआप विचार उठतात : मी नालायक, जग वैरी, पुढे अंधार. हे विचार तपासायला शिकवण्याची रीत त्यांनी १९६० नंतरच्या दशकात घडवली. ही दोन्ही अंगे एकत्र आली, तिलाच आज सी. बी. टी. म्हणतात. मुंबईचे किशोर फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार करून हा विचार मराठीत रुजवला. ठाण्यात १९९० साली संस्था उभारणारे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी तो घरोघरी नेला.

प्रत्यक्ष रीत कामगाराला चटकन उमगावी अशी आहे. शिरूर-दौंडकडचा कुठलाही गडी आरोपपत्र हाती पडले की विचारतो, ‘पुरावा काय? साक्षीदार कोण?’ चौकशीशिवाय बडतर्फी तो मानत नाही. पण कंत्राट संपून घरी बसला, की तोच गडी स्वतःवर ‘कुचकामी’ असा ठपका ठेवतो आणि विनाचौकशी शिक्षाही देऊन टाकतो! सी. बी. टी. म्हणजे ह्या ठपक्याची रीतसर चौकशी. कागदावर रकाने आखावेत : काय घडले, मनात काय आले, कसे वाटले, बाजूचा पुरावा कोणता, विरुद्धचा कोणता. मग निकाल फिरवून लिहावा : ‘काम गेले, हे वाईट झाले, पण पंधरा वर्षे यंत्र चालवणारा माणूस कुचकामी नव्हे.’ त्याबरोबर रोजचे एक छोटे काम नेमावे. पहाटे उठून फिरून यावे, दोन ठिकाणी अर्ज द्यावा, सभेत एक प्रश्न विचारावा. मन उभारी धरील तेव्हा काम करू, असे म्हणून चालत नाही. काम केल्याने मन उभारी धरते.

आता पहिल्या शंकेकडे येऊ. हे शास्त्र अन्यायाला न्याय म्हणायला सांगत नाही. उलट, ‘काम गेले’ हा रकाना ते खोडू देत नाही. ते एवढेच सांगते, की अन्यायाचा ठपका स्वतःवर घेऊ नका. खचलेला माणूस संघटनेच्या कार्यालयाची पायरी चढत नाही, सावरलेला चढतो. ह्या उपचारालाही मर्यादा आहेत. दुखणे गंभीर असेल तर वैद्य व औषध हवेच, आणि जीव नकोसा वाटू लागला तर उद्यावर ढकलू नये. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावा.

पगाराची लढाई संघटनेने लढावी. पण स्वतःविरुद्धच्या खोट्या आरोपपत्राला उत्तर ज्याचे त्यानेच लिहावे लागते, आणि ते कसे लिहावे हे शिकता येते.