कंधार आणि उदगीरचे हबशी सैनिक

उदगीरच्या शाळेत किल्ल्याविषयी विचारले, तर मुले १७६० ची लढाई सांगतात. सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले, ही ती लढाई. उत्तर बरोबरच आहे. पण त्याआधी सव्वाशे वर्षे, १६३६ साली, याच किल्ल्याला मुघल फौजेने वेढा घातला होता. त्या वर्षीच्या मे महिन्यात मुघल आणि आदिलशाही यांनी तह करून बुडालेली निजामशाही आपसात वाटून घेतली होती. तरीही उदगीरचा किल्लेदार किल्ला सोडायला तयार नव्हता. सुमारे तीन महिने तो लढला आणि बुरुजाखाली सुरुंग उडाल्यावरच शरण आला. त्याचे नाव सिद्दी मिफ्ताह. तो हबशी होता, म्हणजे आफ्रिकी वंशाचा. मुघलांनी त्याला आपल्या नोकरीत घेतले आणि ‘हबश खान’ असा किताब दिला.

आफ्रिकेतला माणूस लातूर जिल्ह्यातल्या किल्ल्यावर कसा आला? आजच्या इथिओपियाला अरब लोक ‘हबश’ म्हणत. तिथली मुले पकडून तांबड्या समुद्राच्या बंदरांत विकली जात, आणि या व्यापारात हिंदुस्थानी कापडाला मोठी मागणी असे. दख्खनच्या सुलतानांना हे गुलाम शेतीसाठी नको होते, सैन्यासाठी हवे होते. परमुलखातून आलेल्या मुलाला इथे भाऊबंद नाहीत, वतन नाही, जहागीर नाही. तेव्हा तो धन्याशीच एकनिष्ठ राहील, असा त्यामागचा हिशेब. धनी मेला की हा गुलाम बहुधा मोकळा होई, आणि तलवार चालवता येत असल्यामुळे त्याला दुसरीकडे नोकरी मिळे. इथेच लग्न करून तो इथलाच होई.

मलिक अंबर याच वाटेने आला. त्याचे मूळ नाव चापू, जन्म १५४८ च्या सुमाराचा. मोखा, बगदाद अशा ठिकाणी विकला जात शेवटी त्याला अहमदनगरच्या निजामशाहीतील पेशवा चंगीझ खान याने विकत घेतले. गंमत अशी, की हा चंगीझ खानही एके काळचा हबशी गुलामच होता. १६०० मध्ये अहमदनगर मुघलांच्या हाती पडले, तेव्हा अंबरने परांड्याला नवा निजामशहा गादीवर बसवला आणि पुढची पंचवीस वर्षे राज्य स्वतः चालवले. त्याने वसवलेली खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, आणि तिथली नहर पाठ्यपुस्तकात येतात. नांदेड मात्र येत नाही. १६०२ मध्ये नांदेडजवळ खानखानानचा मुलगा मिर्झा इरज याने अंबरचा पराभव केला. अंबर जखमी होऊन पडला, पण त्याच्या हबशी आणि दख्खनी सैनिकांनी त्याला रणांगणातून उचलून नेले. ते तिथे कमी पडले असते, तर खडकीही नसती आणि नहरही नसती. (जहांगीरला अंबर पुढे कधीच सापडला नाही. अंबरच्या छाटलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारीत आहोत, असे चित्र काढवून घेऊन त्याने समाधान मानले. ते आज डब्लिनच्या संग्रहालयात आहे.)

असे सैनिक किती होते? १६१० च्या सुमारास विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने अंबरच्या पदरी त्याच्याच जातीचे दहा हजार आणि दख्खनी चाळीस हजार लोक असल्याचे लिहून ठेवले आहे. आकडा ऐकीव आहे. तो मोजणीचा नव्हे, अदमासाचा मानावा. पण काही हजार तर नक्कीच.

कंधारच्या किल्ल्याला १६३१ मध्ये वेढा पडला. मुघल सरदार नसीरी खान याला तो घ्यायला चार महिने लागले, आणि इथेही सुरुंगच कामी आले. या वेढ्याचे चित्र शाहजहानच्या ‘पादशाहनामा’ या सचित्र ग्रंथात आहे. ती प्रत इंग्लंडच्या राजघराण्याकडे विंडसरला आहे. फारसीत दोन्ही नावे सारखीच लिहिली जात असल्यामुळे हे चित्र अफगाणिस्तानातल्या कंदाहारचे समजले जाण्याचा धोका असतो. नांदेड जिल्ह्यातल्या मुलांनी तरी ते आपले म्हणून पाहावे. त्या वेळचा कंधारचा किल्लेदार सादिक, याकूत खुदावंत खानाचा मुलगा.

या नावांकडे जरा थांबून पाहायला हवे. याकूत म्हणजे माणिक. अंबर हा देवमाशापासून मिळणारा सुगंधी पदार्थ, काफूर म्हणजे कापूर, संदल म्हणजे चंदन, मिफ्ताह म्हणजे किल्ली. गुलामाला आईबापांनी ठेवलेले नाव पुसून त्याला मोलाच्या वस्तूचे किंवा शुभ अर्थाचे नाव देण्याची ही रीत होती. कागदपत्रांत हबशी शोधताना अशी नावे हाच पहिला धागा असतो. एकट्या धाग्यावर निष्कर्ष मात्र काढू नये.

पाश्चात्त्य सैन्यांशी तुलना केली, तर एक मोठा फरक दिसतो. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक लढले. त्यांच्यावरचे अधिकारी बहुतेक गोरे होते. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत. काळ्याला १० ठरलेले आणि त्यातून कपड्यांचे ३ कापलेले. १८६४ पर्यंत हे असेच चालले. वर्णभेदावर विभागलेले अमेरिकी सैन्य एकत्र करण्याचा आदेश निघाला तो १९४८ मध्ये. इथे मात्र हबशी गुलाम किल्लेदार, सेनापती, राज्याचा कारभारी होऊ शकला. म्हणून दख्खनची गुलामगिरी सौम्य होती, असे मी म्हणणार नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलाला पळवून विकणे कुठेही सौम्य नसते. आणि विसरण्याच्या बाबतीत आपण अमेरिकेपेक्षा काही कमी नाही.

हबशी सैनिकांची परंपरा आपल्याकडे अगदी अलीकडेपर्यंत होती. निजामाच्या पदरी आफ्रिकी घोडदळाची तुकडी होती. हैदराबादेतील ‘ए. सी. गार्ड्‌स’ या वस्तीचे नाव तिच्यावरूनच पडले. नांदेड आणि लातूर तेव्हा त्याच राज्यात होते.

मग अंबरचे ते हजारो हबशी गेले कुठे? आज कर्नाटकात आणि गुजरातेत सिद्दी समाज आहे. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहूनही ‘तुम्ही कोणत्या देशाचे?’ हा प्रश्न त्यांना चुकत नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये सिद्दींच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा आफ्रिकी वारसा प्रामुख्याने बांटूभाषक लोकांशी जुळतो, इथिओपियाशी नव्हे. आणि भारतीयांशी मिश्रण सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचे आहे. म्हणजे ते बहुतांशी अंबरच्या फौजेचे वंशज नव्हेत. पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांनी पुढे आणलेल्या लोकांचे आहेत.

अंबरचे सैनिक बहुतेक सगळे पुरुष. त्यांनी इथल्या स्त्रियांशी लग्ने केली. मुलात बापाचा निम्मा वारसा, नातवात पाव, असे चारशे वर्षांत, म्हणजे सोळा पिढ्यांत, सरासरी वाटा ६५,५३६ मध्ये १ इतका उरतो. रंग, केस, चेहरा यांत काहीही दिसणार नाही. मात्र वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते, ते अर्धे होत नाही. त्यामुळे अखंड पुरुषवंश चालू राहिला असेल, तर कंधार किंवा उदगीरच्या एखाद्या घरात १६३१ च्या शिपायाचे वाय गुणसूत्र आजही असू शकेल, आणि त्या घराला त्याचा पत्ताही नसेल. घातांक शिकवताना हे उदाहरण फळ्यावर घेता येते: दोनाचा सोळावा घात, आणि त्याशेजारी कधीच न निम्मी होणारी एक उभी रेघ.