वाडा कीं मांडव?
संकेतस्थळाच्या बिऱ्हाडाचा इतिहास



आषाढी एकादशीला पंढरपुरास गेलेल्या मनुष्याला एक गोष्ट कोणीं न सांगतां कळते. जें गांव एरवीं आपल्या नित्याच्या व्यवहारांत असतें, त्याच्या वाटेला त्या दिवशीं लाखों माणसें लागतात. तरी त्या एका दिवसासाठीं गांवानें लाखों लोकांना पुरतील एवढीं पक्कीं घरें बांधलेलीं नाहींत. राहुट्या उभ्या राहतात, मठांतून आणि धर्मशाळांतून पथाऱ्या पडतात. पददर्शनाची रांग वेगळी, मुखदर्शनाची वेगळी. आणि ज्याला हीं दोन्हीं साधत नाहींत, तो कळसाला हात जोडून समाधानानें परततो. एकाएकीं लोटणाऱ्या गर्दीचा प्रश्न आपल्या लोकांनीं असा फार पूर्वींच सोडविला आहे. पण तोच प्रश्न यंत्रांच्या जगांत उभा राहिला, तेव्हां त्याचें उत्तर सांपडावयास सुमारे वीस वर्षें लागलीं. त्या वीस वर्षांची हकीकत आज मी आपणांपुढें ठेवणार आहें.

संकेतस्थळ ही कांहीं हवेंत तरंगणारी वस्तु नव्हे. त्याचीं पानें कोठल्या तरी खोलींत, कोठल्या तरी यंत्रावर ठेवलेलीं असतात. ह्या यंत्राला सर्व्हर म्हणतात. कोणीं पान मागितलें कीं सर्व्हर त्याची एक प्रत त्याच्याकडे धाडतो. अशी जागा भाड्यानें देण्याच्या धंद्याला होस्टिंग हें नांव आहे. आतां एखादें वाचनालय, एखादी शाळा, एखादी नाट्यसंस्था घ्या. वर्षाचे तीनशें साठ दिवस तिच्या स्थळावर तुरळक वाचक येतात, आणि उरलेल्या चार-पांच दिवशीं झुंबड उडते. तुरळक दिवसांच्या मानानें जागा घ्यावी, तर गर्दीच्या दिवशीं दार अडतें. गर्दीच्या मानानें घ्यावी, तर वर्षभर रिकाम्या वाड्याचें भाडें भरावें लागतें. श्रीमंत संस्था तें भरते. गरीब संस्थेला मात्र ज्या दिवशीं लोकांनीं शोधावें, नेमकी त्याच दिवशीं ती सांपडत नाहीं.

ह्या इतिहासाचा आरंभ जिनीव्हा शहराजवळील सर्न ह्या संशोधनसंस्थेंत झाला. टिम बर्नर्स-ली ह्या इंग्रज शास्त्रज्ञांनीं १९९० सालच्या अखेरीस आपल्या नेक्स्ट नांवाच्या संगणकावर जगांतलें पहिलें संकेतस्थळ चालूं केलें, आणि ऑगस्ट १९९१ मध्यें त्याची वार्ता बाहेर दिली. त्या यंत्रावर तांबड्या शाईनें लिहिलेली एक चिठ्ठी डकवलेली होती. हें यंत्र सर्व्हर आहे, तें कोणीं बंद करूं नये, असा तिचा आशय. साऱ्या जाळ्याची भिस्त त्या एका चिठ्ठीवर होती! वाचक थोडे, बहुतेक एकाच व्यवसायांतले, आणि यंत्र संस्थेचें. तेव्हां भाड्याचाहि प्रश्न नव्हता आणि गर्दीचाहि नव्हता. ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें ही सारी युक्ति जगाला विनामूल्य वापरावयास मोकळी केली, आणि हे दिवस संपले.

पहिल्या मोठ्या जत्रांपैकीं एक पुढच्याच वर्षीं भरली, आणि तिचें निमित्त आकाशांतलें होतें. १६ ते २२ जुलै १९९४ ह्या आठवड्यांत शूमेकर-लेव्ही नांवाच्या धूमकेतूचे तुकडे गुरु ग्रहावर आदळत होते. अमेरिकेंतील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीच्या स्थळावर त्याचीं छायाचित्रें पाहावयास देशोदेशींचे लोक लोटले. गर्दीचा एक स्वभाव ह्या प्रसंगीं दिसून आला. येणारा प्रत्येक जण निराळा होता, पण सर्वांना हवें होतें तें चित्र एकच. ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवावी. पुढच्या साऱ्या उत्तरांचें बीज तिच्यांतच आहे.

दरम्यान सामान्य माणसालाहि आपलें स्थळ हवेंसें वाटूं लागलें. त्याला आख्खें यंत्र घेणें परवडत नव्हतें. म्हणून एकाच यंत्रावर अनेक बिऱ्हाडें बसविण्याची, म्हणजे चाळीची, कल्पना पुढें आली. परंतु एक अडचण होती. वाचकाचा संगणक सर्व्हरला पान मागे, पण कोणत्या स्थळाचें तें नांव सांगत नसे. पत्रावर नुसता चाळीचा पत्ता असावा आणि बिऱ्हाडकरूचें नांव नसावें, तसा हा प्रकार. त्यामुळें दर स्थळाला निराळा पत्ता द्यावा लागे. जानेवारी १९९७ मध्यें जाळ्याच्या व्यवहाराचे जे सुधारलेले नियम प्रसिद्ध झाले, त्यांत स्थळाचें नांव सांगणें सक्तीचें केलें गेलें. नियम एका ओळीचा, पण त्यानें एका पत्त्यावर शेंकडों बिऱ्हाडें सुखानें नांदूं लागलीं आणि भाडें झपाट्यानें उतरलें. आजहि स्वस्त होस्टिंग म्हणून जें विकलें जातें, तें बहुधा ह्या चाळींतलेंच बिऱ्हाड असतें.

चाळींत राहिलेल्यांना तिचें सुख आणि दुःख दोन्हीं ठाऊक आहेत. खोल्या पुष्कळ असल्या तरी नळ एकच असतो. एका घरीं लग्न निघालें कीं दुसऱ्याच्या हंड्यांत पाणी पडत नाहीं. मग मालक काय करतो? ज्याच्या घरीं लग्न आहे त्याचाच नळ बंद करतो. १९९४ सालीं निघालेल्या आणि १९९९ मध्यें याहूनें विकत घेतलेल्या जिओसिटीज ह्या संस्थेनें लक्षावधि हौशी लोकांना फुकट जागा दिली. पण पुढें तेथें ताशीं अमुकच मजकूर बाहेर जाईल अशी मर्यादा आली. ती ओलांडली कीं स्थळ तेवढ्यापुरतें बंद पडे. म्हणजे जो लोकप्रिय झाला, त्यालाच शिक्षा! २००९ मध्यें ही चाळ अमेरिकेंत बंद झाली, आणि ज्यांनीं आपल्या पानांची प्रत स्वतःजवळ ठेवली नव्हती, त्यांना आपल्या लेखनासाठीं दुसऱ्यांनीं केलेल्या संग्रहांचीं दारें ठोठवावीं लागलीं.

गर्दीचें खरें उत्तर निघालें तें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या विद्यापीठांत. बर्नर्स-ली १९९४ मध्यें तेथें आले होते. जाळ्यावरील ही कोंडी कशी फोडावी, हा प्रश्न त्यांनीं सहकाऱ्यांपुढें मांडला. गणिताचे प्राध्यापक टॉम लेटन ह्यांनीं तो मनावर घेतला, आणि डॅनियल लेविन ह्या त्यांच्या तरुण विद्यार्थ्यानें त्याला वाहून घेतलें. त्यांचा विचार सोपा होता. सर्वांना एकच पान हवें आहे ना? मग सर्वांना एका दाराशीं कशाला बोलवावें? पानाच्या प्रती गांवोगांवच्या यंत्रांवर ठेवाव्या, आणि ज्याला जें यंत्र जवळ, त्यानें तेथून घ्यावी. अवघड भाग वेगळाच होता. कोणती प्रत कोठें ठेवावी, आणि एखादें यंत्र बंद पडलें किंवा नवें आलें तर सारी मांडामांड न मोडतां थोडक्याच प्रती कशा हलवाव्या, ह्याचें गणित बसवावयाचें होतें. १९९७ मध्यें लेटन, लेविन व त्यांचे सहकारी ह्यांनीं तें प्रसिद्ध केलें, आणि १९९८ मध्यें त्यांतून अकामाई ही कंपनी निघाली.

११ सप्टेंबर २००१ हा ह्या विद्येच्या कसोटीचा दिवस ठरला. न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांवर विमानें आदळल्याची बातमी पसरतांच सारें जग वृत्तस्थळांकडे धांवलें, आणि मोठमोठीं स्थळें कोलमडूं लागलीं. सी. एन. एन. नें आपल्या पानावरची बहुतेक सजावट उतरवून थोडा मजकूर तेवढा ठेवला, तेव्हां तें लोकांना दिसूं लागलें. अकामाईचीं यंत्रेंहि त्या दिवशीं अहोरात्र प्रती वांटीत होतीं. परंतु ज्यानें हें गणित मांडलें, तो डॅनियल लेविन पहिल्या मनोऱ्यावर आदळलेल्या विमानांतच होता. त्याचें वय अवघें ३१ वर्षांचें होतें. त्याच्या मृत्यूच्या बातमीसाठीं जग ज्या दारांवर लोटलें होतें, त्यांतलीं कित्येक त्याच्याच युक्तीनें उघडीं राहिलीं होतीं.

ही विद्या आरंभीं महाग होती. तिचीं गिऱ्हाइकें मोठ्या कंपन्या होत्या. लहानांच्या मदतीला दुसरी एक कल्पना आली. एका मोठ्या यंत्राच्या पोटांत अनेक स्वतंत्र यंत्रांचा भास निर्माण करण्याची युक्ति आय. बी. एम. नें १९६० नंतरच्या दशकांतच बसविली होती. केंब्रिज विद्यापीठांत तयार झालेल्या झेन नांवाच्या प्रणालीनें २००३ मध्यें ती साध्या यंत्रांवर आणली. तिच्याच आधारें ऑगस्ट २००६ मध्यें अमेझॉन कंपनीनें यंत्रें तासाच्या बोलीनें भाड्यानें देण्यास प्रारंभ केला. सर्वांत लहान यंत्राचें भाडें ताशीं १० सेंट होतें. ह्याचा अर्थ नीट पाहा. एक यंत्र शंभर तास घेतलें काय, किंवा शंभर यंत्रें एक तास घेतलीं काय, भाडें सारखेंच, म्हणजे १० डॉलर. तींच शंभर यंत्रें वर्षभर ठेवलीं तर ८७,६०० डॉलर पडते. वाडा बांधण्याऐवजीं मांडव घालण्याची सोय आतां यंत्रांच्या जगांत आली. २००८ च्या एप्रिलांत ॲनिमोटो नांवाच्या एका लहान कंपनीकडे अवघ्या कांहीं दिवसांत लाखों नवे लोक आले. तिनें सुमारे ५० यंत्रांवरून सुमारे ३,५०० यंत्रांपर्यंत मजल मारली, आणि लाट ओसरल्यावर मांडव उतरविला.

त्याच सुमारास प्रती वांटण्याची विद्याहि स्वस्त झाली. २००८ च्या अखेरीस गिटहबनें तयार पानें फुकट ठेवण्याची सोय काढली. २०१० मध्यें क्लाउडफ्लेअर कंपनीनें लहान स्थळांच्या प्रती देशोदेशींच्या यंत्रांवरून विनामूल्य वांटण्यास सुरुवात केली. १९९९ मध्यें जें धनाढ्यांनाच लाभत होतें, तें दहा-बारा वर्षांत गांवच्या वाचनालयाच्या आवांक्यांत आलें.

तथापि केवळ पैशानें किंवा यंत्रानें हा प्रश्न सुटतो असें मात्र कोणीं समजूं नये. १ ऑक्टोबर २०१३ रोजीं अमेरिकेच्या सरकारनें आरोग्यविम्याचें स्थळ उघडलें. पैशाला तोटा नव्हता. तरी पहिल्या दिवशीं अवघ्या सहा लोकांचे अर्ज पूर्ण झाले. कारणें अनेक होतीं, पण एक फार बोधप्रद आहे. विम्याचे दर नुसते पाहावयास आलेल्या मनुष्यालाहि आधीं आपलें खातें उघडावें लागे. म्हणजे कळसाला हात जोडावयास आलेल्यालाहि पददर्शनाच्या रांगेंत उभें केलें गेलें! आपल्याकडे दहावीचा निकाल लागतो, तेव्हां महाराष्ट्रांतील सुमारे १५ लाख मुलें आणि त्यांचे पालक एकाच वेळीं यंत्रापुढें बसतात. तो निकाल एकाच वेळीं अनेक स्थळांवर ठेवण्यांत येतो, तो ह्याच अनुभवावरून. एकाच महाद्वारापेक्षां चार दारें बरीं.

ह्या इतिहासावरून, जागा घेऊं पाहणाऱ्या लहान संस्थेनें काय घ्यावें? आधीं, गर्दीच्या दिवशीं येणाऱ्यांना काय हवें असतें तें पाहावें. कार्यक्रमपत्रिका, निकाल, बातमी असें सर्वांना सारखेंच हवें असेल, तर तीं पानें आगाऊ तयार करून ठेवावीं आणि त्यांच्या प्रती वांटणाऱ्या संस्थेकडे सोंपवावीं. मग मूळ जागा चाळींतली असली तरी भागतें, कारण गर्दी तिच्या दारापर्यंत पोंचतच नाहीं. तिकीट किंवा अर्ज ह्यांसारखें प्रत्येकाचें काम निराळें असेल, तर तेवढाच भाग वेगळा काढून तासाच्या बोलीच्या यंत्रावर ठेवावा. सबंध स्थळ तेथें नेण्याचें कारण नाहीं.

करार करतांना तीन प्रश्न विचारावे. मर्यादा ओलांडली तर काय होईल: दार बंद होईल, चाल मंदावेल, कीं बिल वाढेल? ‘अमर्याद’ ह्या शब्दावर विसंबूं नये. जागा अमर्याद असली तरी नळ एकच असतो, आणि त्याची मर्यादा करारांत बारीक अक्षरांत लिहिलेली असते. दुसरा प्रश्न असा कीं, पहिल्या वर्षाचें भाडें दुसऱ्या वर्षींहि तेंच राहील काय? पुष्कळ ठिकाणीं आरंभींचा दर आमिषापुरता असतो. तिसरा प्रश्न, मांडवाच्या खर्चाला वरची हद्द घालून देतां येते काय? पूर्वीं गर्दी झाली कीं दार बंद पडे. आतां दार उघडें राहतें, आणि महिनाअखेर बिल येतें. ह्या दोहोंपैकीं काय सोसवेल, हें ज्याचें त्यानें आधींच ठरवावें. स्थळाचें नांव संस्थेच्याच नांवें नोंदलेलें असावें आणि पानांची एक प्रत आपल्या कपाटांत असावी, म्हणजे बिऱ्हाड हलविणें कठीण पडत नाहीं. हें सर्व जत्रेपूर्वीं महिनाभर करून पाहावें. एकादशीच्या सकाळीं मांडवाचे खांब शोधीत फिरूं नये.

वाडा असणें हें वैभव खरें. परंतु पाहुण्यांची अब्रू राखली जाते ती वेळेवर घातलेल्या मांडवानें, आणि कोणाला आंत घ्यावें व कोणाला कळस दाखवून वाटेला लावावें ह्या तारतम्यानें. तें तारतम्य लहान संस्थेलाहि विकत घ्यावें लागत नाहीं.