कलत्या चेतकची कुळकथा

चेतक चालू करायची तर आधी ती आडवी करायची, हे कुणी कुणाला शिकवल्याचं आठवत नाही. स्टँडवरून काढायची, एक हात हँडलला, एक सीटला, गाडी जवळजवळ जमिनीपर्यंत कलती करायची, दोन-चार श्वास तशीच धरायची, मग सरळ करून किक. भूगाव हे कुस्तीचं गाव, 2017ची महाराष्ट्र केसरी इथेच भरली होती, म्हणून उपमा इथलीच देतो: समोरच्याला कमरेवर घ्यायचं आणि पाठ न टेकवता पुन्हा उभं करायचं, असा तो डाव. डिसेंबरात मानस तलावाकडून गार वारं आलं की हा डाव एकदा टाकून भागत नसे.

ही सवय आली कुठून? माझं उत्तर जरा लांबचं आहे. इटलीतल्या एका विमान-अभियंत्याला ग्रीसने माखलेली साखळी आवडत नव्हती, म्हणून आपले काका-बाबा सकाळी स्कूटर आडवी करत. पौड रस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्याला हे अजिबात पटलेलं नाही. त्याची बाजूही पुढे येईलच.

सर्वांना ठाऊक असलेला भाग आधी उरकतो. बजाजची मूळ कंपनी 1945ची, नाव बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन. आधी आयात करून विकणं, 1959मध्ये उत्पादनाचा सरकारी परवाना, मग इटलीच्या पियाजिओशी करार आणि आकुर्डीत व्हेस्पा. करार 1971मध्ये संपला आणि 1972मध्ये चेतक आली. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं, अंग व्हेस्पा स्प्रिंटचं. 145 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, डाव्या मुठीत चार गिअर, दहा इंची चाकं, मागे अडकवलेली स्टेपनी. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहणं, डॉलरमधलं बुकिंग, ‘हमारा बजाज’ हे सगळं इतक्यांनी लिहिलंय की मी त्यात भर घालत नाही.

आता कोराडिनो दास्कानिओ. हा गृहस्थ हेलिकॉप्टरवाला. 1930मध्ये त्याचं यंत्र पावणेनऊ मिनिटं हवेत राहिलं, तो तेव्हा विक्रम होता. युद्धात पियाजिओचा पाँतेदेराचा विमान-कारखाना उद्ध्वस्त झाला आणि मालक एनरिको पियाजिओने स्वस्त दुचाकी काढायचं ठरवलं. दास्कानिओला मोटरसायकल मुळातच नकोशी: बसायला टांग टाकावी लागते, पंक्चर काढणं ही शिक्षा आणि साखळी विजारीला वंगण फासते. म्हणून त्याने साखळीच काढून टाकली. इंजिन आणि गिअरबॉक्स थेट मागच्या चाकाला जोडले. आता चाकाच्या जागी तर इंजिन बसवता येत नाही, ते चाकाच्या बाजूलाच जाणार. ते गेलं उजवीकडे. पुढचं चाक दोन दांड्यांच्या चिमट्यात धरण्याऐवजी त्याने एकाच बाहूवर टांगलं, विमानाच्या चाकासारखं, म्हणजे टायर बदलताना ते बाजूने सरळ निघून यावं. अंग पत्र्याचं, आत सांगाडा नाही; भार पत्राच पेलतो, हीही विमानाचीच रीत. 23 एप्रिल 1946ला या सगळ्याच्या पेटंटचा अर्ज गेला. पहिल्या नमुन्याला विमानाच्या शेपटीचं चाक बसवलं होतं असंही सांगतात. ते खरं नसलं तरी माझं काही अडत नाही.

मला चकित केलं ते पुढच्या दुव्याने. दास्कानिओ आधी फेर्दिनांदो इनोचेंतीसाठी स्कूटर आखत होता, असं सांगितलं जातं. इनोचेंतीचा धंदा पोलादी नळ्यांचा, त्यामुळे स्कूटरही नळ्यांच्या सांगाड्यावर व्हावी असा त्याचा आग्रह. दास्कानिओला पत्रा हवा. जमलं नाही. तो आपली कल्पना घेऊन पियाजिओकडे आला आणि इनोचेंतीने दुसऱ्या अभियंत्यांकडून, नळ्यांवरच, लँब्रेटा करून घेतली. पुढे लँब्रेटाचं इंजिन सांगाड्याच्या मधोमध आडवं बसलं आणि चाकाकडे बंद पेटीतून साखळी गेली. म्हणजे एका भांडणातून दोन घराणी निघाली: उजव्या अंगाने जड असलेली आणि तोल मधोमध असलेली.

ही दोन्ही घराणी आमच्या दारात आली. भांडुपच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने लँब्रेटा बांधली, तिचीच पुढे लँबी झाली. आकुर्डीने व्हेस्पाचा वंश चालवला. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया ही व्हेस्पाच्याच घराण्यातली.

माझा सिद्धांत असा. उजवीकडे इंजिन असलेली चेतक स्टँडवरून उतरली की स्वतःहून उजवीकडे कलायला बघते. नवख्याच्या हातून ती कलतेच, कधी पार आडवीही होते. सरळ केल्यावर ती पहिल्याच किकला सुटली की बघणाऱ्याच्या मनात गाठ बसते: कलती केली म्हणून चालू झाली. एका आळीत दोघांना हा अनुभव आला की तिसरा मुद्दाम करतो. मधोमध तोल असलेल्या गाडीत हा अपघात घडणं कठीण.

गॅरेजवाला म्हणतो, इटली वगैरे ठेवा बाजूला, कार्बोरेटर उघडा. चेतकला पेट्रोलचा पंप नाही. सीटखालच्या टाकीतून पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं आणि कार्बोरेटरच्या वाटीत साठतं. वाटी भरली की फ्लोट वर तरंगतो आणि सुईने वाट बंद करतो. हे सगळं गाडी उभी असेल तर. कलती केली की फ्लोटचा अंदाज चुकतो, सुई उघडी राहते, पेट्रोल ठरलेल्या पातळीच्या वर चढून हवेच्या वाटेत उतरतं. पुढच्या किकला इंजिनला हवा कमी आणि पेट्रोल जास्त मिळतं. थंड इंजिनला तेच हवं असतं. जावाच्या कार्बोरेटरला याच कामासाठी एक छोटी खुंटी होती. बोटाने दाबली की फ्लोट खाली बसे आणि पेट्रोल ओसंडे. बोटाचं काम चेतकवाले अख्ख्या गाडीने करत, एवढंच! अति कलती केली तर प्लग भिजणार, मग तो काढा, पुसा, पॉलिश पेपरने घासा, मूठ पूर्ण पिळून किका मारत बसा.

हे मी मान्य करतो. पण यातून कलती केल्यावर काय होतं ते कळतं, लोकांना ते सुचलं कसं हे कळत नाही. कारण चेतकला चोक होता! सीटच्या खाली खटका, ओढला की काम झालं. हाताशी चोक असताना शंभर किलोच्या आसपासची गाडी झोपवायची अक्कल कोणाला आणि का आली? गॅरेजवाल्याचं म्हणणं, चोकची तार गंजायची. माझी पुस्ती अशी की रॉकेल मिसळलेल्या पेट्रोलचा तो काळ, रॉकेलची वाफ थंडीत सहज होत नाही, तेव्हा नुसता चोक पुरत नसणार. आमचं एकमत झालेली ही एकच जागा.

आणखी दोन मतं ऐकायला मिळतात. एक म्हणजे टाकीतलं तळाचं पेट्रोल नळाकडे यावं म्हणून कलती करायची. रस्त्यात रिझर्व्ह संपल्यावर हे खरंच आहे, पिरंगुटच्या घाटात गाडी आडवी घालून पंपापर्यंत पोचलेले लोक कमी नसतील. पण टाकी काठोकाठ भरलेली असतानाही सकाळी हा विधी चुकत नसे, त्यामुळे सकाळपुरतं हे मत बाद. दुसरं मत ऑइलचं: टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागे, ते रात्रीतून खाली बसतं, गाडी हलवली की पुन्हा मिसळतं. नीट मिसळलेलं ऑइल एका रात्रीत वेगळं होत नाही. मात्र गाडी महिनाभर उभी राहिली तर वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे ऑइल उरतं. उन्हाळ्याच्या सुटीत गावाला जाऊन परतलेल्यांनी हे मत रुजवलं असावं.

माझ्या सिद्धांताला खरा धक्का दिला तो लँबीने. ओळखीतले एक जुने लँबीवाले शांतपणे म्हणाले, “आम्हीपण आडवी करायचो की.” तोल मधोमध, इंजिन बाजूला नाही, तरीही? गॅरेजवाला अर्थातच खूश झाला, कारण वाटी आणि फ्लोट तिथेही आहेत. मी मात्र याला संसर्ग म्हणतो. रस्त्यावर चेतक उदंड झाल्या. दहा शेजारी रोज सकाळी गाडी झोपवतात तर अकरावा का नाही झोपवणार? बाजूचा प्रश्नही माझ्या अंगावर येतोच. माझ्या हिशेबाने सगळ्यांनी उजवीकडे कलवायला हवी होती, पण डावीकडे, स्वतःच्या अंगावर घेणारेही भरपूर होते. पडत्या गाडीचा भार पायावर नको म्हणून सवय पुढे बदलली असेल, यापलीकडे माझ्याकडे उत्तर नाही.

उजव्या अंगाच्या जडपणाचा एक उपयोग मात्र कोणी सांगत नाही. आपल्याकडे मागे साडी नेसून बसणारी बाई दोन्ही पाय डावीकडे सोडून बसते. उजवीकडे इंजिन, डावीकडे पाय. पाँतेदेरात कोणी हा हिशेब केला असेल असं वाटत नाही, पण नऊवारी-पाचवारीची सगळी भरती चेतकने न डगमगता वाहिली हे खरं.

हा डाव मोडला तो बटणाने. 1984मध्ये पुण्याच्या फिरोदियांनी होंडाशी संयुक्त कंपनी काढली आणि बिनगिअरची, सेल्फ-स्टार्टची कायनेटिक होंडा आणली. तिला झुकवणं कुणाला सुचलंही नाही. 2002ची फोर-स्ट्रोक चेतक फार चालली नाही. 2020ची चेतक विजेवर आली. तिच्यात ना वाटी, ना फ्लोट, पण पुढचं चाक अजून एकाच बाहूवर आहे.

वाद मिटवायचा एक मार्ग आहे. ज्यांच्याकडे चालती चेतक आणि चालती लँबी दोन्ही असतील त्यांनी जानेवारीत, पहाटे, चोक न ओढता, दोन्ही गाड्या एक दिवस सरळ आणि एक दिवस कलत्या करून सुरू कराव्यात आणि किका मोजाव्यात. चेतकला फरक पडला आणि लँबीला पडला नाही, तर लँबीवाले नुसतेच शेजाऱ्याची नक्कल करत होते असं मी म्हणणार. दोघींना सारखाच पडला तर कार्बोरेटरच खरा आणि पुढचा चहा गॅरेजवाल्याला माझ्याकडून.