अमृतधारा

अमृतधारा : खांदा कॉलनीतल्या एका आजींच्या फडताळातली ही औषधाची बाटली म्हणजे कापूर, पुदिन्याचे फूल व ओव्याचे फूल. तिन्ही खडे समभाग घेऊन हलवले की पाझरून तेलासारखे पातळ होतात. तिन्ही टर्पीनवर्गीय. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात मृत पेशींच्या फटींमध्ये सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्लांचे घट्ट पदर असतात. टर्पिने त्यांत शिरून ते सैल करतात आणि सोबतच्या औषधालाही वाट मिळते. (लावल्यावर वाटणारा गारवा निराळा : पुदिन्याचे फूल, म्हणजे मेन्थॉल, थंडी जाणणाऱ्या मज्जातंतूंना चाळवते, अंग गार पडत नाही.) ‘वरून तर लावायचं, त्यात काय!’ हे आजींचे म्हणणे म्हणूनच मान्य करता येत नाही. कापूर त्वचेतून रक्तात उतरतो. तान्ह्या मुलांना त्याने झटके आल्याच्या नोंदी आहेत. – संपा.