काकूचा चहा आणि वॉरबर्गची चूक

गेल्या महिन्यात काकूचा पेट स्कॅन झाला. रिपोर्ट यायच्या आत नातेवाईकांचा व्हॉट्सॲप ग्रुप तज्ज्ञ झाला होता: साखर बंद, तूप बंद, गाठ आपोआप उपाशी मरेल! काकूने मला फोन केला, "तू एवढा इंजिनिअर, सांग बघू, चहात साखर घालू की नको?" आता मी जावा लिहिणारा माणूस. पण वीकेंडला वाचायला बसलो आणि अडकलोच.

गोष्ट सुरू होते १९२० च्या दशकात, बर्लिनमध्ये. ऑटो वॉरबर्गला दिसलं की ट्यूमर भरपूर साखर ओढतो आणि ऑक्सिजन असतानाही तिचं लॅक्टिक ॲसिड करतो. निरीक्षण एकदम पक्कं. आजचा पेट स्कॅन याच खादाडपणावर चालतो. पण वॉरबर्गने निदान केलं की कॅन्सर पेशीचं श्वसन, म्हणजे आपण आज म्हणू मायटोकॉन्ड्रिया, मुळातच बिघडलेलं असतं. आमच्या भाषेत, लॉग बरोबर वाचला पण बग भलत्याच ठिकाणी शोधला. १९५६ मध्येही साहेब त्याच मतावर ठाम! सिडनी वाइनहाउसने त्याच वर्षी जाहीर विरोध केला: बहुतेक ट्यूमरचं श्वसन चालू असतं.

वाइनहाउस आणि ग्रेस मेडिस यांच्या गटाने १९५३ मध्येच दाखवलं होतं की ट्यूमर स्वतःच फॅटी ॲसिड बनवतो. कच्चा माल कुठला? साखरेपासून मायटोकॉन्ड्रियात तयार होऊन बाहेर पडणारं सायट्रेट. म्हणजे ज्याला वॉरबर्गने मोडका ठरवला, तोच या कारखान्याचा सप्लायर निघाला.

पुढे बरीच वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९९४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या फ्रान्सिस कुहाजदा यांच्या गटाने स्तनाच्या वाईट वळणाच्या कॅन्सरमधलं एक प्रोटीन ओळखलं. ते फॅटी ॲसिड बनवणारं एन्झाइमच होतं. मग ते ब्लॉक केलं तर?

इथे खरी गंमत आहे. एन्झाइम थांबलं की त्याचा कच्चा माल, मॅलोनिल-कोए, साचू लागतो. आणि मॅकगॅरी व फॉस्टर यांनी १९७७ मध्येच दाखवलं होतं की हाच पदार्थ फॅटला मायटोकॉन्ड्रियात शिरायचं दार बंद करतो. म्हणजे नवं फॅट बनेना, जुनं जळेना. शिवाय पेशी मरायचा एक मोठा स्विच मायटोकॉन्ड्रियावरच असतो, आणि हे एन्झाइम रोखल्यावर काही कॅन्सर पेशी त्या स्विचच्या जवळ सरकतात, असं २०२१ मध्ये दिसलं.

मग औषध का नाही? कुहाजदांच्या गटाने बनवलेल्या सी७५ ने २००० मध्ये उंदरांचं खाणंच तोडलं, वजन झपाट्याने उतरलं. नंतरची औषधं माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचली आहेत, पण कॅन्सरसाठी या प्रकारचं मंजूर औषध अजून नाही.

असो. काकूला सांगितलं, "गाठ आपलं फॅट स्वतःच बनवते. तू तूप सोडलंस म्हणून तिचा कारखाना बंद पडत नाही, तुझं वजन मात्र उतरेल. साखरेचं डॉक्टरांना विचार, पण ग्रुपचं ऐकून उपाशी राहू नकोस."

काकू म्हणाली, "म्हणजे तुझ्या त्या जर्मनाचीही चूक झाली होती तर!"

हो ना. आणि ती सुधारायला कित्येक वर्षं गेली. आपल्या ग्रुपला किती लागतील, बघू.